मोबाइलचाही उपास

दर वर्षी उपास सुरू व्हायच्या दिवशी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आंटी कामावर आली की आधी मोबाइल रुमालात गुंडाळायची, पिशवीच्या तळाशी ठेवायची आणि वरून थोपटायची. "ईस्टरपर्यंत झोप, बाबा."

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जीन्सच्या कारखान्यात आम्ही दोघी शेजारी बसून शिवलेल्या पॅन्टींचे धागे कापायचो. मी बदलापूरहून यायचे, ती अंबरनाथहून. मूळची वसईकडची ख्रिश्चन, माझ्या आईच्या वयाची. सगळे तिला आंटी म्हणायचे. ती मला बाय म्हणायची.

ईस्टरच्या आधी त्यांचे उपासाचे दिवस असतात, चांगले लांबलचक. त्यात ती मटण-मासळी सोडायची, चहातली साखरही सोडायची. एरवी सुक्या बोंबलाशिवाय जिला घास उतरत नाही अशी बाई. पहिल्या वर्षी मला तिची दया आली. शुक्रवारी तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी नेली, भरपूर तूप आणि दाण्याचं कूट घालून. डब्याचा वास घेऊन आंटी हसतच सुटली.

"बाय, हा उपास आहे की लग्न? एवढं तूप मी ईस्टरलापण खात नाही!"

मग तिने आपला डबा उघडला. वरण-भात. आमच्या समोर पॅन्टींना इस्त्री करणारी इस्त्रीवाली ओरडलीच, "आंटी, उपवास में दाल-चावल? पाप लगेगा!"

"तुझ्या देवाला खिचडी चालते ना? मग तूच खा ती."

इस्त्रीवालीने खाल्लीसुद्धा.

एरवी जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिच्या मोबाइलवर सिरीयल बघायचो. वायरचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. मला ते बरं पडायचं. चार माणसांत मला बोलायला जमत नाही. तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल. पण उपासात सिरीयलही सोडलेली. "तिच्यापायी मन भलतीकडे जातं," आंटी म्हणायची. "आता तू बोल."

एका वर्षी माझ्या घरी एकच विषय चालला होता. मुलगी आठवीत होती. सासूचं म्हणणं, पुढे शाळा नको, आईबरोबर धागे कापायला जाऊ दे. नवरा गप्प, म्हणजे त्याचंही तेच. मला स्वतःला चौथीनंतर घरी बसवलेलं. हे सगळं मी आंटीला हळूच सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

"हं."

सल्ला दिला नाही. दुसऱ्या दिवशी डबा उघडताना पुन्हा तेच, "मग, काय म्हणालीस?" मी पुन्हा, काही नाही. असं रोज. ती रागवायची नाही, नुसती माझ्याकडे बघत वरण-भात कालवायची. शेवटी त्या उत्तराची माझी मलाच लाज वाटायला लागली.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी भाकऱ्या करताना सासूने विषय काढला. मी तव्याकडे बघतच म्हणाले, "ती शाळेत जाणार. धागे कापायला मी आहे."

"बया! हिला तोंड फुटलं," सासू म्हणाली.

नवऱ्याने मान वर केली. म्हणाला, "दहावीपर्यंत जाऊ दे."

शुक्रवार-शनिवार आंटी सुट्टीवर. एवढी गोष्ट पोटात धरून मी सोमवारची वाट बघत राहिले.

मुलगी आता बारावीला आहे. आंटीला ते बघायला मिळालं नाही. दहावीचा निकाल लागायच्या आधीच ती गेली. तिची आठवण आली की मला तो सोमवारच दिसतो. तिने घरून मटणाचं विंदालू आणि मैद्याचे तळलेले फुगे आणले होते. इतके दिवस मटणाला न शिवलेली बाई. इस्त्रीवाली आधीच ताटली घेऊन बसलेली. आंटीने झाकणाला हात घातला आणि मला विचारलं. मी सांगायला लागले. तवा, भाकरी, सासू, नवऱ्याची मान, सगळं. थांबताच येईना. कामाची बेल वाजली.

"आंटी, डब्बा तो खोलो!"

आंटीचा हात झाकणावर तसाच होता. "थांब ना गं," ती म्हणाली. "तिचं होऊ दे."