मठाची कादंबरी आणि सुजाता

घरीच मुलांना शिकवतो म्हटलं की लोकांना वाटतं, या बायका दिवसभर करतात तरी काय! ते सांगायला बसलं तर चहाची दुसरी खेप टाकावी लागते. यंदा आमच्या मुलांच्या इतिहासात युरोपातलं मध्ययुग आहे, म्हणजे ख्रिस्ती मठ, संत, धर्मयुद्धं. पाठ्यपुस्तक कोरडं ठणठणीत, म्हणून जोडीला गोष्टींची पुस्तकं निवडायची होती.

निवडणाऱ्या आम्ही तिघी. पेणची मी, हमरापूरची मंदा, जिच्या घरी गणपतीचा कारखाना आहे, आणि रोह्याची सुजाता. सुजाताची तन्वी घरात जेमतेम चार शब्द बोलते, बाहेर एकही नाही. शाळेत तिला रोज उभं करून बोलायला लावायचे, म्हणून सुजाताने तिला तिथून काढलं. पोरीने बोलावं, यापलीकडे सुजाताला काही नको होतं.

* * *

पहिली मीटिंग मंदाच्या कारखान्यात झाली. तिचे सासरे गणपतीचे डोळे आखत होते. चर्च, पाद्री असे शब्द कानावर पडताच त्यांनी ब्रश खाली ठेवला. "पोरांना बाटवता काय गो?"

मंदाने वाद घातला नाही. एका पुस्तकातली गोष्टच सांगायला घेतली. राजाच्या हुकमावरून चर्चमधल्या संतांच्या मूर्ती फोडल्या जातात आणि एक विधवा आपली मूर्ती पिठाच्या कोठीत लपवते. सासरे शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "आनि ज्यांनी त्या बनवलेल्या, ती मानसं कुठं गेली?"

आम्हाला ठाऊक नव्हतं, पुस्तकातही नव्हतं. ते पुस्तक घ्यायचं ठरलं.

* * *

मग मुलांना मातीचा एक संत करायला सांगितला. जंगलात राहणारा, उपास करून करून नुसता सापळा उरलेला. मंदाच्या पोरांनी घरचाच साचा वापरला. संत आला तो ढेरपोट्या, लोडाला टेकलेला, आशीर्वादाचा हात वर. डोकं तेवढं माणसाचं!

मी म्हटलं, अरे, हा उपाशी ना?

"मावशी, उपास सुटल्यानंतरचा हाय."

* * *

प्लेगची कादंबरी सुजाताच्या नवऱ्याने आधी वाचली. तो नागोठण्याला कंपनीत सेफ्टीला असतो. पुस्तक परत देताना त्याने तक्रारीच सांगितल्या. साथ आली तरी गावाची वेस उघडी, कुणाची काही तयारी नाही. सुजाताने त्याला ते चौदावं शतक असल्याची आठवण करून दिली. तरी जबाबदार कोण ते लेखकाने लिहायला हवं होतं, असं त्याचं म्हणणं.

* * *

ठिणगी पडली ती मठाच्या कादंबरीवरून. या मठात बोलायला बंदी. जेवताना साधू भाकरी, मासे, मीठ सगळं हातांच्या खुणांनी मागतात. मला पुस्तक फार आवडलं होतं, मुलांचा एक दिवस तसाच मठ भरवू या, असं मी सुचवलं.

"माझ्या मुलीला गप्प राहायचं शिकवायला नको," सुजाता म्हणाली. "ते तिला येतं."

मुलांच्या हाती लागू नये म्हणून तिने ते स्वतःच्या पिशवीत टाकलं. मला तिचा राग आला नाही, वाईट मात्र वाटलं. मंदा कप गोळा करायला लागली.

काही दिवसांनी सुजाताचाच फोन आला. पिशवीतलं पुस्तक तन्वीने शोधून वाचून संपवलं होतं आणि पुन्हा पहिल्या पानापासून धरलं होतं. "भरवा तुमचा मठ," सुजाता म्हणाली.

* * *

मठ माझ्या घरी भरला. जेवणं होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. मंदाची पोरं लगेचच रडकुंडीला आली, साधं पाणी कसं मागायचं ते कळेना. तन्वीला कळत होतं. मिठाला बोटं चोळायची, सुकटीला नाक धरायचं, धरमतरच्या खाडीतल्या मालवाहू बार्जला दोन्ही हातांनी हळूहळू काहीतरी ढकलायचं. जेवणाच्या वेळी सगळी पोरं खुणा विचारायला तिच्याभोवती. सुजाता दारात उभी राहून नुसती बघत होती.

शेवटी मी घंटा वाजवली. पोरांनी घर डोक्यावर घेतलं. तन्वी बोलली नाही. सुजाता माझ्याकडे न बघता तिला घेऊन निघून गेली.

संध्याकाळी तिचा फोन आला. ती रडत होती. काय झालं, मी विचारलं.

"भांडली माझ्याशी. हातांनी. केव्हाची भांडतेय." तिने नाक ओढलं. "केवढं साठलं होतं गं तिच्या मनात. शाळेचं, माझं, सगळं. आणि चूक सगळी माझीच म्हणे."

मी काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब, ठेवते फोन. ती म्हणतेय, अजून संपलं नाय."