मोडके धांडे

मक्याच्या ओल्या धांड्यांचा गोडसर वास आला की साक्रीजवळच्या आमच्या गावातला तो रविवार आठवतो. त्या दिवशी घरोघरचं पहिलं पीक चर्चमध्ये अर्पण करायचं होतं, पण आठवड्यापूर्वीच्या वादळाने आमचा उभा मका झोपवला होता आणि तेव्हापासून वडील कुणाशी बोलत नव्हते. आईने ते मोडके धांडेच टोपलीत भरले आणि इतरांच्या भोपळ्या-कणसांच्या रांगेत नेऊन ठेवले. “अक्का, हे काय?” पाळकांनी हळूच विचारलं. आई म्हणाली, “आमना वावरमा यंदा हाईच पिकनं. पन आमी बठ्ठा जित्ता शेतस!” आम्ही सगळे जिवंत आहोत, हे तिचे शब्द ऐकताच मागे बसलेल्या वडिलांनी भसाड्या आवाजात उपकारस्तुतीचं गीत सुरू केलं, अख्खं चर्च उठून गाऊ लागलं आणि गाता गाता वडिलांचा चेहरा निवला. यंदा माझी टोपली कणसांनी भरलीय. सगळ्यांत वर मात्र मी मुद्दाम एक मोडका धांडा ठेवलाय.