सीडी बोललीच नाही

शुक्रवारी गल्लीतले कापडाचे लूम बंद झाले की अजून मला बायकोचं वाचणं आठवतं. आमची पोर आंधळी, तेव्हा भिवंडीत बी.ए.ला होती. खटखट नसायची म्हणून शुक्रवारीच बायको तिचे धडे टेपात वाचायची आणि मी बटण दाबायचो. शेवटच्या शुक्रवारी धडा संपवून ती म्हणाली, "अहो, बंद करा आता, चहा टाकते." त्याच आठवड्यात ती गेली. तेराव्यानंतर कॉलेजातल्या सरांनी सीडी दिली. "आता वाचायला माणूस नको. सगळी पुस्तकं यात हायेत, कॉम्प्युटरच बोलेल." पोरीने कॉलेजातल्या, लिहिलेलं वाचून दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवर सीडी लावली. एक पान झालं, दुसरं झालं, पण आवाजच येईना. सरांनी पडदा बघून सांगितलं तसं पोरीचं तोंड उतरलं. "बाबा, हे पानांचे फोटो हायेत. फोटो याला वाचता येत न्हाय." आंधळ्या पोरीला फोटो देतात? परीक्षा तोंडावर आलेली. घरी येऊन म्हटलं, "मी वाचतो." तशी पोर रडता रडता हसली. "तू? तू तर एसटीची पाटीबी दोनदा वाचतोस!" दुसऱ्या दिवशी सकाळी लूम चालू होते. शुक्रवारपर्यंत थांबायला वेळ नव्हता. मी पुस्तक उघडलं, टेपचं बटण दाबलं आणि खटखटीच्या वर आवाज चढवून, अक्षराला अक्षर लावत पहिली ओळ वाचली.