तात्यांचा डोळा

गावात कुणाच्या घराची भिंत चढू लागली की तात्यांना बोलावणं जायचंच. तात्या जातीने गवंडी नव्हते, पण हातात थापी जन्मापासूनच असावी असं त्यांचं काम. यायचे, चार पावलं मागे सरायचे, डावा डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "दोन सूत बाहेर!" मग ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, लावून बघितला तर खरंच दोन सूत, पाव इंच. म्हणून नाव पडलं ओळंबातात्या. स्वतःचा ओळंबा मात्र पिशवीच्या तळाशी गंजत पडलेला. आता हे नाव पहिल्यांदा पडलं कुठे, ते पुढे सांगतो. आधी पोरांचं ऐका.

त्या वर्षी शाळा दुरुस्त करायला परदेशातून दहाबारा कॉलेजची पोरंपोरी आली. भाषेचा पत्ता नाही, उन्हाने नाकं लाल, पण कामाला वाघ! शाळेच्या कोपऱ्याला लागून एक नवी खोली काढायची होती. तो कोपरा तात्यांनी तरुणपणी बांधलेला. भिंतीवर एक उंच मुलगी होती, वेणी घट्ट बांधून वीट वीट बसवणारी. दोन दिवसांत भिंत पुरुषभर चढली.

तिसऱ्या दिवशी तात्या आले. डोळा मिटला. जुन्या आणि नव्या भिंतीतली फट खाली बोटभर, वर तीन बोटं!

"अगं पोरी, भिंत बांधतेस का झोका?" तात्या गरजले. जमलेलं गाव खो खो हसलं. "पाडा ती! पोरांच्या डोक्यावर पडायची."

शाळेच्या बाईंना त्या पोरांची भाषा यायची. त्यांनी सांगितलं. मुलगी तात्यांकडे बघत राहिली, मग मान हलवली आणि स्वतःच वरची वीट काढली. संध्याकाळपर्यंत भिंत जमिनीला.

दोन दिवसांनी नवी भिंत पुन्हा खांद्यापर्यंत आली, आणि फट पुन्हा तशीच! पोरं जेवायला गेली होती. तात्यांनी पिशवी उपसली, गंजका ओळंबा काढला आणि पोरीच्या भिंतीला लावला. दोरी वरपासून खालपर्यंत सारखी. मग जुन्या कोपऱ्याला लावला.

दोन बोटं बाहेर, शाळेकडे झुकलेला.

तात्यांनी पुन्हा लावला, तीच दोन बोटं. डबा घेऊन आलेली बायको म्हणाली, "अहो, तोंड असं का? विंचू चावला?"

"चावला असता तर बरं झालं असतं. माझाच कोपरा वाकडा निघाला."

"जमीन खचली म्हणा की! कोण विचारतंय?"

म्हणता आलं असतं. पण तात्यांना तो कोपरा बांधल्याचा दिवस लख्ख आठवत होता. ओळंबा घरी राहिला होता, आणि मजुरांसमोर 'विसरलो' म्हणायची लाज वाटली. म्हणून ऐटीत एक डोळा मिटला आणि म्हणाले, "आपल्याला काय दोरी लागते?" मजुरांनी तोंडात बोटं घातली. नाव पडलं ते त्या दिवशी, त्याच कोपऱ्यावर!

पोरं परतली, मागून गावातले चारजण. तात्या ओळंबा तसाच लटकत ठेवून उभे होते.

"बाई, पोरीला सांगा. भिंत तिची सरळ होती. वाकडी माझी आहे. उगाच पाडायला लावली."

बाईंनी सांगितलं. मुलीने खिशातून वही काढली. त्यात पहिल्याच दिवशी काढलेलं चित्र होतं: जुना कोपरा, झुकलेला, मापासकट.

"हिला ठाऊक होतं?" तात्या वहीवर वाकले. "मग पाडलीस कशाला गं?"

मुलगी हळू काहीतरी बोलली. बाई जरा अडखळल्या. "ती म्हणते, सगळं गाव ऐकत होतं. एवढ्या लोकांत आजोबांना कसं सांगायचं?"

या खेपेला कुणी हसलं नाही. हसले असते तर तात्यांना सोपं गेलं असतं.

त्यांनी थापी ठेवली आणि घमेलं उचललं. पुढचे आठ दिवस भिंत ती बांधायची आणि माल तात्या कालवून द्यायचे. ती फट मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने भरली. वर रुंद, खाली अरुंद, लांबट पाचर दिसते ती. नवीन कुणी विचारलंच, तर तात्या बोट दाखवतात, "इकडची पोरीची. तिकडची माझी," आणि दुसरीकडे बघतात. दोन्ही डोळे उघडे ठेवून.