गोडी छाटणीआधीचा एक घोट

दिवाळीच्या सुट्टीत मी जळगाव जामोदला गेले, ते मामीच्या फोनमुळे. "तू पहिल्या नंबरची पोरगी. तुले शब्द येतात. येऊन एका गोष्टीची चव सांग," ती म्हणाली. चव कशाची, ते मात्र तिने सांगितले नाही.

पुण्याहून नांदुऱ्यापर्यंत रेल्वे आणि तिथून एसटी. महिलांना अर्धे तिकीट असल्याने हा टप्पा स्वस्तात होतो. पूर्णेचा पूल येईपर्यंत केसांत धूळ भरते, म्हणून ओढणी जवळ असावी. स्टँडवरची कचोरी कढईतून निघताना दिसली तरच घ्यावी. पुढे सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतापर्यंत मामांची मोटरसायकल होती आणि वाटेत शब्द नव्हता. मीही बोलले नाही. आम्हा दोघांचे त्यामुळेच जमते.

टेकडीवर पूर्वी खायच्या द्राक्षांची बाग होती. तिच्या ओळी उताराच्या दिशेने लावलेल्या असल्यामुळे दर पावसाळ्यात माती वाहून जाई. मामीने ती बाग उपटली आणि उताराला आडव्या ओळी धरून वाइनची पांढरी द्राक्षे नव्याने लावली. तिथल्या मुरमाड बरडावर पाणी ठरत नाही, म्हणून मणी लहान झाले आणि साल जाड. यंदा त्यांची पहिली वाइन झाली. द्राक्षे विकत घेणाऱ्या वाइन कंपनीच्या साहेबाने एक बाटली पाठवली आणि सोबत निरोप दिला, की वाइन कडू आहे, पुढच्या वर्षी माल घेणार नाही.

ज्या छाटणीनंतर वेलीला फळ धरते, तिला गोडी छाटणी म्हणतात. ती मामीने थांबवून ठेवली होती.

"छाटू का उपटू, तेवढं सांग," गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून ती म्हणाली. "मी माळकरीण. मले चालत नाही."

"मामांना विचार ना."

"यायले काय इचारू? यायले बिनसाखरेचा चहा बी गोड लागते!"

"अवं, भाचीले दारू पाजून राह्यली! तिची माय मले जिता सोडन का?" मामा ओसरीवरून ओरडले.

"तिचं शिक्षण कामी येऊन राह्यलं, तुम्ही चूप बसा. खरं सांगजो माय, मन राखू नोको."

मी आयुष्यात पहिल्यांदा वाइन प्याले, तीही स्टीलच्या पेल्यातून. आधी लिंबाची धार जाणवली, मग पहिल्या सरीत भिजलेल्या मुरुमाचा वास आला, आणि अगदी शेवटी संत्र्याची बी चावल्यासारखे काहीतरी जिभेवर राहिले. मी हे सगळे क्रमाने सांगितले. मामीने त्यातले शेवटचे तेवढे उचलले.

"म्हंजे कडूच."

"शेवटी. थोडी."

"मंग साहेब खरं बोलला." तिने बाटलीला बूच लावले. त्या संध्याकाळी वांग्याची भाजी, भाकर आणि ठेचा उत्तम होता.

पुण्यात परतल्यावर चैन पडेना. हॉटेल व्यवस्थापन शिकणाऱ्या मैत्रिणीला घेऊन मी दुकानातून पांढऱ्या वाइनची एक नावाजलेली बाटली आणली. लिंबू होते. मुरूम नव्हता. शेवटी मात्र तोच कडवटपणा होता. "असतोच तो थोडा," मैत्रीण सहज म्हणाली. "जाड सालीच्या द्राक्षात जास्त. लोक त्याचेच पैसे देतात."

मी लगेच मामीला फोन लावला आणि एका दमात सगळे सांगितले. पलीकडे मामी कोंबड्यांना दाणे टाकत ऐकत होती.

"काल जेसीबी बाग उपटून गेला, माय," ती म्हणाली. "आता पावसाळ्यात तूर लावू. तू काऊन रडतं? तू खोटं थोडीच बोलली?"

त्या भागात जाणार असाल, तर हिवाळ्यात जा. डोंगर तेव्हा सुंदर दिसतो. आडव्या ओळींचे खड्डे पहिल्या पावसापर्यंत तरी दिसतील. उरलेली बाटली मामीने मला पाठवली आहे. ती मी पुन्हा उघडलेली नाही. त्या टेकडीची चव आता तेवढ्यातच आहे, आणि तिच्याविषयी विचारणारे कोणी राहिलेले नाही.