कालव्याच्या गाण्याची बाई

इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या एका साप्ताहिकात मी चार वर्षं बातमीदार होते. गावातल्या वयस्क नामवंतांचे मृत्युलेख तिथे आधीच लिहून ठेवत. २००५ च्या हिवाळ्यात माझ्या वाट्याला एक गायक आले. वय एक्क्याऐंशी. नोकरी केली पोस्टमनची. शनिवारी पबच्या माडीवर गिटार घेऊन स्वतः रचलेली फोक आणि कंट्री गाणी म्हणत. त्यांतलं एक, कालव्यावर नवऱ्याच्या बोटीची वाट पाहणाऱ्या बाईचं, देशभरातले हौशी गायक म्हणत असत.

फोनवर मी फक्त 'मुलाखत' म्हटलं होतं. दार उघडताच ते म्हणाले, "माझ्या मरणाची तयारी ना? या. घाई नसेल तर चहा टाकतो."

"घाई नाही."

"संपादकांना सांगा, मलाही नाही."

बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात बोलणारा एक रेडिओ. मीही भाड्याच्या एका खोलीत राहत होते. रविवारी पुण्याला फोन झाला की आठवड्याचं मराठी संपायचं. एका भेटीत काम झालं असतं. मी तीनदा गेले.

तिसऱ्यांदा ते म्हणाले, "कालव्याचं गाणं माझं नाही. शब्द बायकोचे, चालही तिचीच. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा लोकांनी माझी पाठ थोपटली. मी गप्प बसलो. ती म्हणाली, असू दे. तीस वर्षं असू दिलं. मी गेल्यावर तेवढं छापा."

"आत्ताच छापू या की."

"नको. लोक जाब विचारायला येतील." मग म्हणाले, "आणि कुणीच आलं नाही, तर तेही बघावं लागेल."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"तिला होतं."

तिच्या हातची वही नव्हती, साक्षीदार नव्हता. दुजोरा नसलेली माहिती मजकुराच्या तळाशी घालायची, ही माझी सवय. 'गाणं पत्नीचं होतं, असं ते सांगत' हे वाक्य मी शेवटच्या परिच्छेदात टाकलं. वर गाण्याचा उल्लेख 'त्यांनी लोकप्रिय केलेलं' असा केला.

ते मार्चमध्ये गेले. त्या दिवशी मी कोर्टाच्या बातमीवर होते. पानावर ऐनवेळी जाहिरात आली आणि उपसंपादकाने लेखाच्या तळाच्या सात ओळी कापल्या. कुठल्याही वर्तमानपत्रात तळापासूनच कापतात. पहिल्या नोकरीपासून मला ते माहीत होतं.

अंत्यविधीला अकरा माणसं होती. कालव्याचं गाणं सगळ्यांनी मिळून म्हटलं. वाटलेल्या कागदावर त्याखाली त्यांचं नाव छापलं होतं. पबच्या माडीवरचे कार्यक्रम ठरवणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "छान लिहिलंस. काही राहिलं नाही."

सोमवारी मी संपादकांकडे दुरुस्ती मागितली. त्यांनी अंक उघडून लेख पूर्ण वाचला.

"यात चुकीचं काय आहे?"

"काही नाही."

"मग दुरुस्ती कशाची छापू?"

चूक निघू नये म्हणून त्यातला शब्द न् शब्द मीच तोलून लिहिला होता. मी जागेवर येऊन बसले.