बाल्कनीचं भूसंपादन

मधुकाकांनी उभ्या आयुष्यात लोकांच्या दारांवर जितक्या नोटिसा चिकटवल्या, तितके स्टिकर लहान पोरांनीही फ्रिजवर चिकटवले नसतील. भूसंपादनाच्या कचेरीतले ते अव्वल कारकून. शिपायाची खळ पातळ असते म्हणून हा गृहस्थ स्वतः खळ लावून नोटीस दारावर थापायचा आणि पुढच्या दाराला लागायचा.

निवृत्तीनंतर टेंभी नाक्याची जागा विकून मंडळी घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर आली आणि काकांना बाल्कनी मिळाली. तिथे वेताच्या खुर्चीत बसून ते खालच्या ट्रॅफिकवर देखरेख ठेवत. आपण नसतो तर कोंडी सुटलीच नसती, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. "अगं, टँकर आडवा झाला!" "अगं, बसवाल्याने परत मध्येच घुसवली!" असा वृत्तांत ते आत पत्नीला, उत्तराकाकूंना, दिवसभर पोचवत.

एके दिवशी काका बँकेतून परतले, तर खुर्ची लिफ्टपाशी चपलांच्या स्टँडला टेकून उभी. तिच्यावर शेजाऱ्यांची ओली छत्री. आणि बाल्कनीत सूनबाईची, ऋजुताची, नवी कोरी ट्रेडमिल.

त्या घरात त्यांची अशी तेवढीच जागा होती.

"माझी नोटीस कुठाय?" ते गरजले. हल्ली पेपरातले कोर्टाचे निकाल वाचायचा त्यांना नाद लागला होता. नोकरीत असताना याच निकालांना त्यांनी शिव्या घातल्या असत्या. "सुप्रीम कोर्टाने सांगितलंय! नुसता मोबदला फेकून जागा घेता येत नाही. आधी नोटीस, मग माणसाचं म्हणणं ऐकायचं, कारणं द्यायची, आणि प्रयोजन सार्वजनिकच हवं!"

"बाबा, फ्लॅट मुकुलच्या नावावर आहे," ऋजुता म्हणाली. "म्हणजे तुम्हीच अतिक्रमणात."

"वहिवाट आहे माझी!"

शेवटी रविवारी पोह्यांच्या वेळी सुनावणी ठरली. अध्यक्ष मुलगा, मुकुल. तो बापाला आणि बायकोला सारखाच घाबरत असल्यामुळे त्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणालाच शंका नव्हती.

"सुनेने घाम गाळायचा, यात सार्वजनिक काय?" काकांनी टेबलावर थाप मारली. "जनता कोण? दाखवा मला ती जनता!"

"मी," स्वयंपाकघरातून आवाज आला. उत्तराकाकू हात पुसत बाहेर आल्या. "ट्रेडमिल तिथे ठेवायला मीच सांगितलं."

"तू?"

"तुम्ही कचेरीत जायचात तेव्हा दुपार माझी असायची. आवरून झालं की रेडिओ लावून पडायचं, कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. तुम्ही रिटायर झालात आणि ती दुपारच घेतलीत. टँकर, बस, परत टँकर! मला दिलीत कधी नोटीस? माझं म्हणणं ऐकलंत?"

"आई, मोबदला काही?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

"चहा. तोही मीच करते."

कोलशेतला जमिनी घेताना एका म्हातारीनेही काकांना असंच विचारलं होतं. तेव्हा 'हरकत फेटाळली' असं लिहून ते मोकळे झाले होते. आज मात्र त्यांना मनापासून वाईट वाटलं, म्हातारीचंसुद्धा.

"चुकलं माझं," ते म्हणाले. ऋजुताच्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला.

निकाल लागला. ट्रेडमिल हॉलमध्ये, खुर्ची बाल्कनीत आणि दुपार काकूंना परत.

दुसऱ्याच दुपारी खाली सिमेंटचा मिक्सर बंद पडला. त्याच्यामागे अख्खी वरात, बँडवाले घामाघूम, आणि घोड्यावर नवरदेव फोनवर कुणाला तरी लोकेशन पाठवतोय. एवढा सोहळा, आणि सांगायला कुणी नाही! काकांचा जीव कासावीस झाला. ते उठले, बेडरूमपाशी गेले आणि संसारात पहिल्यांदाच त्यांनी ते दार वाजवलं.

"अगं, मिक्सरमागे नवरदेव अडकलाय. सांगू का?"

आत रेडिओचा आवाज जरा कमी झाला.

"हरकत आहे. चहाच्या वेळी सांगा. आणि चहा तुम्ही करा."

"बरं," काका म्हणाले, आणि स्वयंपाकघरात जाऊन साखरेचा डबा कुठे असतो ते शोधू लागले.